अनुभव धागा: गुरुद्वारात गेल्यावर झालेली फजिती आणि विचारायचे राहून गेलेले प्रश्न

मागच्या महिन्यात नांदेडला हजूर साहिबला गेले होते. डोक्यावर ओढणी, पाय धुतलेले, सगळं नीट. प्रसादाच्या वेळी मात्र सवयीने उजवा हात पुढे केला, तीर्थ घेतो तसा. डाव्या हातात मोबाईल. सेवादार थांबले, वाढेचनात. "दोन्ही हात, ताई." मोबाईल कसाबसा काखेत धरला, ओंजळ केली आणि गरम कडाह प्रसादाचा गोळा हातात पडला. खाऊन झाल्यावर तळवे तुपाने नुसते थबथबलेले. मी पर्समध्ये रुमाल शोधतेय, आणि शेजारच्या आजी निवांत ते तूप मनगटापर्यंत चोळून घेतायत. मग मीही चोळलं.

परतीच्या गाडीत आठवलं, शाळेत दहा वर्षं माझ्या वर्गात एक सरदार मुलगी होती. तिला मी एकदाही काही विचारलं नव्हतं. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव लिहा, बावळट वाटणारे प्रश्नही चालतील. इथं कुणी शीख असतील तर आमच्या चुका सुधारा. बारा वाजल्याचे विनोद कृपया नकोत.

गोदाकाठ

मी नांदेडचाच. आमचे पूर्वज रणजितसिंहांच्या काळात पंजाबातून निजामाच्या मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात पंजाबी-दख्खनी, गल्लीत मराठी. ओंजळ यासाठी की प्रसाद आपण 'घेत' नाही, मागतो. आणि तो बसूनच घ्यायचा. गोड वर्ज्य असेल तर "थोडा द्या" म्हणा, कुणी रागावत नाही. नको मात्र म्हणू नका.

मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: पगडी टोपीसारखी घालता की रोज बांधता? रोज. पाच-सहा मीटर कापड असतं आणि ते आधी दोघांनी मिळून घडी घालायचं असतं, त्याला पूणी म्हणतात. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, तिरकं ताणायचं, मग पदरावर पदर. घरी आई धरायची. पुण्यात होस्टेलला आलो आणि पहिल्याच सकाळी पंचाईत. टोक दाराच्या कडीत अडकवलं तर दार उघडून आलं अंगावर. खोलीत लातूरचा एक मुलगा होता, तो अंथरुणातून म्हणाला, "दे इकडं." पुढची चार वर्षं त्याने दात घासता घासता एका हाताने पूणी धरली. परीक्षेच्या दिवशीही. पंजाबातले माझे मावसभाऊ म्हणतात त्याची घडी माझ्यापेक्षा सरळ येते.

ठाणेकर_सून

माझ्या बहिणीचं लग्न शीख घरात झालं, आनंद कारज. आमच्याकडची चाळीस माणसं अक्षता मुठीत धरून बसलेली. ना अंतरपाट, ना मंगलाष्टकं. गुरु ग्रंथ साहिबासमोर दोघं बसली, तिच्या हातात नवऱ्याचा पल्ला, म्हणजे त्याच्या उपरण्याचं टोक, दिलं. मग एक लाव, म्हणजे लग्नाचं एक पद, वाचली, तीच गायली, ती गात असताना दोघं ग्रंथाभोवती फिरून आली. अशा चार. शिखांचे चौथे गुरु रामदास, त्यांची रचना आहे, सूही रागातली. भाऊ वाटेत उभे राहून तिला पुढे पुढे नेत होते, तर आमचा मामा विचारतोय, "मी कुठं उभा राहू?" दुसरी लाव झाल्यावर आत्याने कानात विचारलं, "लागलं का गं?" तिसरीनंतर परत. चौथीनंतर मी मान हलवली तर तिने अक्षता टाकायला हात उचलला, तो मी वरच्या वर धरला. त्या अक्षता शेवटी आत्याच्या पर्समध्येच ठाण्याला परत आल्या.

चुलीपाशी

कडाह प्रसादाला 'शिरा' म्हणणाऱ्यांसाठी: शिऱ्याला रवा, याला कणीक. जाडसर असेल तर उत्तम. कणीक, तूप, साखर सारखी मापं. तूप कमी करायचा विचारही करू नका, माझ्या सासूबाईंनी केला होता. कढईत तूप आणि कणीक घालून ढवळत राहायचं, खमंग वास येऊन रंग बदामी झाला की साखरेचं उकळतं पाणी. ते ओतताना फस्सकन वाफ अंगावर येते, मागे सरका. तूप कडेने सुटलं की झालं. आमच्या शेजारच्या बीजी (शीख आजी) करताना तोंडाने जपजी ही प्रार्थना म्हणत असतात. नंतर अरदास (उभ्याने म्हणायची प्रार्थना) होते, प्रसादाला कृपाण (छोटी तलवार) लावतात, पंज प्यारेंचा, म्हणजे खालसाच्या पहिल्या पाच जणांच्या नावाचा, वाटा आधी काढतात, मग बाकीच्यांना.

दुपारची_उशी

हे लिहू की नको असं झालं होतं. दिल्लीत नवीन होते, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर बंगला साहिबला गेले आणि नेमकी पाळी आली. दारातच थबकले. तिला कळेना काय झालं. सांगितल्यावर ती हसली नाही, तिच्या आईकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "मग? दुखतंय का? नाही ना? चल, हात धू, पोळ्या लाटायला माणसं कमी आहेत." तासभर पोळ्या लाटल्या. माझी शेजारीण लष्करातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याची बायको होती, तिच्या पलीकडे एक रिक्षावाल्याची मुलगी. नंतर कळलं की 'आसा दी वार' या सकाळी गायच्या रचनेत गुरु नानकांनी सोवळ्याची, सुतकाची चांगलीच हजेरी घेतली आहे. सुतक मानायचं तर मग सगळीकडेच मानावं लागेल, शेणात आणि लाकडातही किडे असतात, धान्याचा दाणासुद्धा जिवाशिवाय नाही, असं. पाचशे वर्षांपूर्वी! आमच्या घरी अजून लोणच्याच्या बरणीपासून लांब बसवतात.

नियमावली

दोन कोरडी उत्तरं, कारण हे प्रश्न येतातच. कृपाण: राज्यघटनेच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणातच ती बाळगणं धर्माचा भाग मानलं आहे. देशांतर्गत विमानात नेता येते, पण पातं सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा जास्त नको. हेल्मेट: पगडी बांधलेल्या शिखांना मोटार वाहन कायद्यातच सूट आहे.

प्रश्नपत्रिका

बावळट प्रश्नांना परवानगी आहे म्हणून: हजूर साहिबला संध्याकाळी दिव्यांची आरती पाहिली, शस्त्रांना चंदन पाहिलं. माझा अमृतसरचा मित्र म्हणतो, शिखांत असं नसतं. कोण खरं?

गोदाकाठ

दोघंही. पंजाबातून आलेले पाहुणे हेच विचारतात, काही जरा तिरक्या नजरेनेच. हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी, एक; आमच्या तख्ताची स्वतःची मर्यादा, म्हणजे पूजेची रीत, आहे. गुरु गोबिंदसिंहजींनी 1708 मध्ये इथंच देह ठेवला, आणि आपल्यानंतर माणूस नव्हे, ग्रंथच गुरू, असं सांगितलं तेही इथंच. त्यांची शस्त्रं आत आहेत. रोज रात्री गोदावरीचं पाणी घागरीतून आणून आतली जागा धुतात. दिवाळीच्या आधी तख्त स्नान असतं, तेव्हा सगळी संगत (जमलेले भाविक) नदीवरून पाणी आणते आणि शस्त्रं धुतली जातात. लहानपणी माझ्या डोक्यावर एवढीशी कळशी असायची, निम्मं पाणी मानेवरून पाठीत जायचं.

आणि एक, वर कुणी तरी 'ग्रंथाचं पान' लिहिलं होतं, ते बदललेलं दिसतंय. आम्ही पान म्हणत नाही, अंग म्हणतो. 1430 अंगं. गुरूचा देह आहे, म्हणून रात्री सुखासन (ग्रंथ मिटून विश्रांतीला ठेवणं), पहाटे प्रकाश (तो पुन्हा उघडणं). वर चवरी ढाळतात ती माश्यांसाठी नव्हे, हेही एकदा एका पाहुण्याला सांगावं लागलं होतं.

पायरीचा_दगड

आमचे आजोबा वारकरी, चाळीस वर्षं माळ. नांदेडला लग्नाला गेलो म्हणून त्यांना गुरुद्वारात नेलं. डोक्यावर गांधी टोपी, म्हणजे डोकं झाकलेलंच, असा त्यांचा हिशेब. दारात सेवादार म्हणाले, बाबा, टोपी चालत नाही, आणि भगवा रुमाल पुढे केला. आजोबांना तो बांधता येईना, सारखा घसरायचा. वैतागले. शेवटी टोपी खिशात घातली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिथल्या तिथं फेटा बांधला, आरशाशिवाय. सेवादार बघतच राहिले. म्हणाले, "हे कुठं शिकलात?"

आत बसल्यावर मी त्यांना सांगितलं, या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांना माहीत होतं. 2015 मध्ये पंजाबात, नामदेवांच्या घुमानला, साहित्य संमेलन झालं तेव्हा पेपरात वाचलेलं. त्यांना एवढंच हवं होतं की आज त्यातलं एखादं म्हणतील का. मी जाऊन विचारलं. रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, म्हणाले, आत्ताचं झालं की बघतो.

धागाकर्ती

@पायरीचा_दगड, मग म्हटलं का?

पायरीचा_दगड

हो. पण आजोबांना चाल पसंत नाही पडली. लंगरात बसल्यावर डाळ वाढणाऱ्या पोराला त्यांनी आपली चाल म्हणून दाखवली. डाळ खोळंबली, रांग ओरडायला लागली.