गाठ मोजायची की तिच्या रक्तवाहिन्या?

लष्करवाला: मेहुण्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, अ‍ॅडेनोकार्सिनोमा. केमोसोबत बेव्हासिझुमॅब चालू आहे. परवाच्या सिटीच्या रिपोर्टात लिहिलंय: आकारात फरक नाही, मध्यभागी पोकळी, आजार 'स्थिर'. गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे जुडा फोकमन या अमेरिकन सर्जननी 1971 सालीच मांडलं. हे औषध त्या वाहिन्यांवरच घाव घालतं. आणि आपण काय मोजतो? व्यास! गाठींच्या व्यासांची बेरीज 30 टक्के घटली तर गुण आला म्हणायचं. किल्ल्याची रसद तोडायची आणि तटाची उंची मोजत बसायचं, असला हा प्रकार.

परफ्युजन सिटीत हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं औषध, सोडतात आणि त्याच जागेची लागोपाठ चित्रं घेतात. गाठीत रक्त किती वेगानं येतं, किती मावतं, वाहिन्यांतून किती झिरपतं, सगळं त्यातून काढता येतं. छातीत सुई घालावी लागत नाही. माझ्या मते या औषधावरच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी आधी एकदा आणि केमोच्या दोन सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) एकदा झालीच पाहिजे. ग्वाल्हेरात नाही जमली तर दिल्लीला जाऊ.

शुभदा, मुरार: दिल्लीला जाल हो भाऊ, पण आकडा हातात आल्यावर करणार काय? किती घटला तर औषध चालू ठेवायचं आणि किती घटला तर बंद करायचं, याची सर्वमान्य रेषाच नाही. 2006 साली ज्या मोठ्या चाचणीनंतर हे औषध फुफ्फुसासाठी आलं, तिच्यात मध्यक आयुर्मान 10.3 महिन्यांवरून 12.3 वर गेलं. त्या पेशंटांची निवड रक्तप्रवाहाचा नकाशा बघून केली नव्हती. स्क्वेमसवाल्यांना (हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार) वगळलं, कारण त्यांना खोकल्यातून जीवघेणा रक्तस्राव होण्याची भीती. गाठ स्क्वेमस आहे की नाही, हे बायप्सीच सांगते. ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल तपासायलाही बहुतेकदा तुकडाच लागतो.

लष्करवाला: बायप्सी नकोच, असं मी कुठे म्हटलं? पण ती एका कोपऱ्यातला तुकडा देते, आणि एकाच गाठीत एकीकडे वाहिन्यांची गर्दी, दुसरीकडे मेलेला भाग असतो. दर दोन महिन्यांनी सुई घालून फुफ्फुसाबाहेर हवा भरण्याचा धोका कोण घेणार?

सिटीरूमवाला: मशीनवर बसणाऱ्याचं ऐका. जवळपास मिनिटभर चित्रं चालतात आणि तेवढा वेळ खोकणारा पेशंट श्वास रोखू शकत नाही. गाठ खालच्या भागात असेल तर छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याबरोबर वरखाली होते, आकडे बिघडतात. त्यात फुफ्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं, पल्मोनरी आणि ब्राँकियल. सॉफ्टवेअरनं एकच धरली तर हिशोब चुकला. दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे आकडे जुळत नाहीत. म्हणून पहिली एका सेंटरला आणि दुसरी स्वस्त मिळाली म्हणून भलतीकडे, असं केलंत तर पैसे पाण्यात. साध्या सिटीपेक्षा रेडिएशनही जास्त. कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी बघावंच लागतं. एमआरआयला रेडिएशन नाही, पण हवेनं भरलेल्या फुफ्फुसात त्याचा सिग्नल क्षीण होतो, आणि श्वासाची कटकट तिथेही आहेच.

दालबाजारचे नाना: पेट सिटी करून मोकळे व्हा ना!

सिटीरूमवाला: नाना, नेहमीच्या पेटमध्ये गाठ साखर किती खाते ते दिसतं. वाहिन्या नाही. आणि टीबीची गाठही साखर खाते.

शुभदा, मुरार: अजून एक. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले कॅन्सर-संशोधक राकेश जैन 2001 पासून सांगताहेत की या औषधांनी वेड्यावाकड्या वाहिन्या काही काळ नीट होतात आणि केमो आत जास्त चांगली पोचू शकते. म्हणजे रक्तप्रवाह घटला तर चांगलं की टिकला तर? आधी हे ठरवा, मग पेशंटला गाडीत घाला.

लष्करवाला: हे ठरणार कसं, कुणी मोजलंच नाही तर?

शुभदा, मुरार: मोजा की, पण संशोधनात. तिथे खर्च पेशंटच्या खिशातून जाता कामा नये.

सिटीरूमवाला: लष्करवाले, तोवर एवढं करा. आधीची आणि आत्ताची, दोन्ही कॉन्ट्रास्ट सिटींच्या सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टना भेटा. पोकळी सोडून उरलेला भाग कॉन्ट्रास्टनं पूर्वीइतकाच उजळतोय का, म्हणजे तिथे रक्त पोचतंय का, विचारा. त्याला नवा स्कॅन लागत नाही.

लष्करवाला: सोमवारी जातो. पण 'स्थिर' हा शब्द मला पटलेला नाही.