कर्ज बुडालं तरी घर का वाचावं?

जमाखर्च (धागाकर्ता)

नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, कायद्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बाकी काहीही घ्या, राहतं घर तेवढं सोडा." ऐकायला बरं वाटतं. पण किती किमतीचं घर, हे विचारायचंच नाही?

अमेरिकेत टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत राहतं घर जप्तीतून वगळणाऱ्या सवलतीला किमतीची मर्यादा नाही, आहे ती फक्त जमिनीची. फ्लोरिडात शहरात अर्धा एकर, शहराबाहेर १६० एकर. त्या अर्ध्या एकरावर पत्र्याची खोली असो की महाल, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखंच. आता दोन कर्जदार बघा. दोघांचं देणं सारखं, आयुष्यभराची शिल्लकही सारखी. एकाने ती ठेवीत ठेवली, दुसऱ्याने घरात घातली. पहिल्याची ठेव धनको (ज्यांचं देणं आहे ते) घेऊन जाणार, दुसऱ्याच्या दाराशी हात चोळत उभे राहणार. हा कुठला न्याय?

छप्पर वाचवा, श्रीमंती नको. ठरावीक रकमेपर्यंत सूट द्या, त्यावरचं विकून देणी भागवा.

ओलीसुकी

असहमत. टेक्सासचा हा कायदा १८३९चा, टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हाचा. अमेरिकेतल्या १८३७च्या मंदीत हजारो लोक धुऊन निघाले होते. त्यांनी येऊन वसावं, शेती करावी म्हणून ५० एकर किंवा गावातला एक प्लॉट जप्तीतून वगळला. दया वगैरे नव्हती त्यात, हिशेबच होता. घर गेलेला माणूस आधी डोकं टेकायला जागा शोधतो, कामधंदा नंतर. तो फेडणार कशातून?

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०मध्ये कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची गुरं आणि बियाणं जप्तीतून वगळलंय. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचं राहतं घरही. तर्क तोच.

आणि विनातारण कर्ज देणारा काही भोळा नसतो. तारण नाही म्हणूनच तो व्याज चढं लावतो. जोखमीचं व्याजही खायचं आणि जोखीम अंगावर आली की घरही मागायचं?

खतावणी

सगळे धनको व्याज खाणारे असतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? ज्याने माल दिला आणि बिल थकलं तो? ज्याचा पगार बुडाला तो? गाडीने उडवलेला माणूस? यांनी कुणी "जोखीम" म्हणून जादा दर लावला नव्हता.

अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन आठवतोय का? घटस्फोटित बायको आणि तिचा मित्र यांच्या मृत्यूबद्दल १९९७मध्ये दिवाणी न्यायालयात त्याच्याविरुद्ध ३ कोटी ३५ लाख डॉलरचा निकाल लागला. नंतर तो फ्लोरिडात जाऊन राहिला. मृतांच्या घरच्यांना त्या घराला हात लावता आला नाही.

ओलीसुकी

एका कुप्रसिद्ध माणसाकडे बघून लाखो साध्या कर्जदारांचा कायदा लिहायचा नसतो हो.

तिरपी रेघ

त्या घराचं पुढे काय झालं तेही सांगा ना. सिम्पसन तुरुंगात असताना हप्ते थकले आणि ते घर बँकेने घेतलं. ज्यांची माणसं गेली त्यांना जे मिळालं नाही, ते गहाणखत हातात असलेल्या बँकेला मिळालं.

हेच लोकांच्या लक्षात येत नाही. "नादारीत गेलो की घर वाचतं" असं समजून येणारे बरेच भेटतात (मी या कामाच्या जवळपास असते). ही सूट विनातारण धनकोंपुढे चालते. ज्याच्याकडे घर गहाण आहे त्याच्यापुढे नाही. अमेरिकेत नादारीचा अर्ज दाखल होताच लिलाव तात्पुरता थांबतो आणि 'चॅप्टर १३' या नादारी कायद्यातल्या हप्तेवारीच्या प्रकरणाखाली थकलेले हप्ते तीन ते पाच वर्षांत भरायची सोय मिळते. पण भरावे लागतातच.

दुसरी गैरसमजूत : घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केलं की झालं. अशी हस्तांतरणं रद्द ठरवणारा कायदा इंग्लंडमध्ये १५७१पासून आहे. त्याखालच्या ट्वाइनच्या गाजलेल्या खटल्यात कर्जदाराने सगळी चीजवस्तू एका धनकोला "देऊन टाकली" होती, आणि मेंढ्यांची लोकर मात्र स्वतःच कातरत होता. फसवणूक ठरली. ती युक्ती लोक आजही करून बघतात, मेंढ्या तेवढ्या बदलल्या.

कोरडवाहू

तुम्ही सगळे कर्ज बुडाल्यानंतरचं बोलताय. सूट दिली की कर्ज देण्याची रीतच बदलते, त्याचं काय?

१८७५ला पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. जमीन खास गहाण ठेवलेली नसेल, तर कोर्टाच्या साध्या हुकूमनाम्यावर शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता जप्त करून विकता येणार नाही, असं त्यात होतं. कर्जापायी अटकही बंद केली. चांगलाच कायदा. मग सावकाराने काय केलं? आधी हातउसने द्यायचा, आता गहाणखत मागू लागला. पुढे थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागला, तोंडी कबूल करायचा की पैसे दिलेस की जमीन परत.

म्हणून मी दोन्ही बाजूंना नाही. घराला कुलूप लावाल तर देणारा किल्लीच मागून घेईल.

जमाखर्च

कोरडवाहू, मुद्दा मान्य. म्हणून तर मर्यादा हवी म्हणतोय. अमर्याद सुटीचा गैरफायदा इतका झाला की २००५ला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने पाचर मारली : अर्जाच्या आधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराला साधारणपणे १,२५,००० डॉलरपर्यंतच सूट. आकडा पुढे वाढत गेलाय, पण ऐनवेळी फ्लोरिडात महाल घेऊन लपणं अवघड झालं.

मला इंग्लंडची पद्धत जास्त पटते. नादार माणूस सहसा वर्षभरात देण्यांतून मोकळा होतो. घरातल्या त्याच्या हिश्श्याचं काय ते ठरवायला विश्वस्ताला (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्याला) तीन वर्षं मिळतात, नाहीतर हिस्सा माणसाला परत. पहिलं वर्ष कुटुंबाची गरज जड, त्यानंतर अपवाद सोडला तर धनकोंचं पारडं जड.

ओलीसुकी

म्हणजे एक वर्ष श्वास घ्या, मग सामान बांधा. मुलांची शाळा एका वर्षात संपते का? आणि मर्यादेचा आकडा कोण ठरवणार? कायद्यात लिहिलेली रक्कम तिथेच राहते आणि घरांच्या किमती पुढे पळतात. दहा वर्षांनी तुमच्या त्या सुटीत खोलीसुद्धा बसणार नाही.

पाटीकोरी

मी भाड्याने राहतो. वर एवढे प्रतिसाद झाले, पण माझ्यासारख्याचं काय वाचतं ते जमाखर्च यांनी एका वाक्यात सांगितलं (ठेव धनको घेऊन जाणार) आणि पुढे गेले. घर नसलेल्याने तीच सूट दुसऱ्या कशावर मागितली तर?

तिरपी रेघ

मिळते, काही ठिकाणी. अमेरिकेच्या सुटींच्या केंद्रीय यादीत घराची न वापरलेली सूट काही प्रमाणात कुठल्याही मालमत्तेला लावता येते, अगदी खात्यातल्या रोख पैशालाही. मात्र ही यादी नाकारायची मुभा राज्यांना आहे आणि बऱ्याच राज्यांनी ती नाकारली आहे. त्यात फ्लोरिडाही आहे.