होडीच्या रंगाने गोगलगायीची मादी नर होते?

दिवाळेकरीण, बेलापूर
बाबांनी होडी ओढून वर घेतलीय. काल दिवसभर तळाची कालवं खरवडत होते. लाल भुकटी चिखलात, पायांना, चहाच्या पेल्यात. मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. "रंगामुळे समुद्री गोगलगायीची मादी नर होते" एवढं सांगून सरांचा तास संपला. खरंच होते? आणि आमचा रंग तसलाच का? बाबा म्हणतात, आधी होडीचं बघ.

खाडीकाठचा मास्तर, ठाणे
नर नाही होत गं. मादी मादीच राहते, तिला वर नराचं शिश्न आणि शुक्रवाहिनी उगवते. याला इम्पोसेक्स म्हणतात. 1970 च्या सुमारास इंग्लंडात प्लिमथकडच्या डॉगव्हेल्क या समुद्री गोगलगायीत दिसलं. कारण तळाला कालवं चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचं विष, ट्रायब्युटिलटिन, थोडक्यात टिन, तेही लिटरला नॅनोग्रॅमभर पुरतं. शुक्रवाहिनी वाढत जाऊन अंडी बाहेर पडायची वाटच बुजवते. अंड्यांच्या पिशव्या आत अडकून मादी मरते.

परीक्षेत सगळे 'अरोमाटेज' लिहितात. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं हे विकर टिन अडवतं, म्हणून नर-संप्रेरक साचतं, असं. ऐकायला सोपं, पण तो आपला साचा गोगलगायीला लावलेला. 2004 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की टिन पेशीतल्या आरएक्सआर या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. त्याच ग्राहीला चालू करणारं 9-सिस रेटिनोइक आम्ल माद्यांना टोचलं, तरी शिश्न उगवलं. मी आता हेच शिकवतो.

टिनचे रंग आंतरराष्ट्रीय करारानं 2008 पासून बंद आहेत. डबा वाच.

दिवाळेकरीण
क्युप्रस ऑक्साइड लिहिलंय. सुटलो म्हणायचं?

नाखवा
म्हणजे तांबंच ना? वाडीत गोगलगायींवर मोरचूद मारतात ते काय लाड करायला? आमचा आजा तळाला मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडायचा. वास पार गावाबाहेर.

खाडीकाठचा मास्तर
नाखवांचं बरोबर. गंमत बघ, गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहतं ते तांबंच, पण जास्तीचं तिला सोसत नाही. शिवाय होडी जुनी असेल तर खालच्या थरात टिन असू शकतं, आणि ते गाळात गेलं की वर्षानुवर्षं राहतं. खरवडताना खाली ताडपत्री घाला, भुकटी गोळा करा, तोंडाला फडकं बांधा. चहा नंतर.

दिवाळेकरीण
ताडपत्री पावसासाठी राखलीय म्हणे, हात लावू देत नाहीत. नाक्यावरून जुना फ्लेक्स आणलाय, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. उद्याच्या ओहोटीला साहेबांच्या तोंडावर खरवडणार.