मदत हवी आहे: पोकेमॉनची ताकदीनुसार यादी लावून द्या (अर्जंट)

आदू_कोथरूड
मंडळी, पटकन मदत करा. पोकेमॉन खूप साठलेत, जागा संपत आलीये. कोणाला ठेवू, कोणाला सोडू, ताकद वाढवायला कोणावर धूळ घालू काही कळत नाहीये. रविवारी आमच्या सोसायटीत मॅचेस आहेत. वरून खाली ताकदीप्रमाणे क्रम लावून द्या. माझ्याकडचे मुख्य: म्यूटू (चार तारे!!), ड्रॅगोनाइट, टायरानिटार, ग्यारॅडोस, मॅचॅम्प, स्वॅम्पर्ट, अझुमारिल, मेडिचॅम.
यूट्यूबवर बघ म्हणू नका. बघून झालंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

निवांतनाना
कुठला गेम? कन्सोलवरचा स्कार्लेट-व्हायोलेट, जुना एखादा की ब्राउझरमधला शोडाउन? एकेरी की दुहेरी? हे सांगितल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

आदू_कोथरूड
कुठला म्हणजे? पोकेमॉन. सगळे खेळतात तोच.

चिंचपोकेमॉन
धूळ (स्टारडस्ट) म्हणतोय म्हणजे फोनवरचा पोकेमॉन गो, नाना. आदू, लीग कुठली ते सांग. ग्रेट, अल्ट्रा की मास्टर?

निवांतनाना
गो असो की आणखी काही, मूळ मुद्दा तोच. 'ताकद' म्हणजे काय ते आधी ठरवा. मूळ गेममध्ये नुसती बेरीज बघितली तर स्लेकिंगच्या सहा आकड्यांची (जीव, अटॅक, डिफेन्स वगैरे) बेरीज ६७०, म्हणजे गारचॉम्पच्या ६०० पेक्षाही जास्त. पण स्लेकिंगला ट्रुअंट आहे, एक चाल खेळला की पुढची चाल लोळत पडतो. रेजिगिगासची बेरीजही ६७०, त्याचे पहिले पाच डाव हातपाय मोकळे करण्यातच जातात. उलट तुमच्या यादीतल्या अझुमारिलची बेरीज अवघी ४२०. अटॅक ५०, म्हणजे हसण्यासारखा. पण ह्यूज पॉवर असली की तो दुप्पट होतो आणि भल्याभल्यांना लोळवतो.
म्हणून स्मोगनवाले (शोडाउनच्या पायऱ्या ठरवणारी साइट) बेरीज बघतच नाहीत, वापर बघतात. जो पोकेमॉन ४.५२ टक्के किंवा त्याहून जास्त संघांत दिसतो तो ओयू (ओव्हरयूज्ड). तो आकडा हवेतून आलेला नाही. पंधरा लढती खेळलात तर तो एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्मी होते, तिथे रेघ मारली आहे. त्याखाली यूयू, आरयू, एनयू, पीयू अशा पायऱ्या. उबर्स मात्र वापरावर ठरत नाही, तिथे बंदी घातलेले जातात.

आदू_कोथरूड
नाना ते सगळं ठीक आहे पण माझ्या यादीचं काय? आणि अजून एक, म्यूटू टीममध्ये घेताच येत नाहीये. बग आहे का? फोन रीस्टार्ट करून बघितला.

कर्जत_लोकल
कॅशे साफ करा. नाही झालं तर गेम काढून परत टाका. माझ्या भावाच्या फोनवर असंच होत होतं, त्याने शेवटी फोनच बदलला. स्वस्तात चांगली बॅटरी हवी असेल तर मॉडेल सांगू का?

गवतीचहा
काहीही काढू नकोस. म्यूटूचा सीपी (वर दिसतो तो ताकदीचा आकडा) किती आहे?

आदू_कोथरूड
२३८७. रेडमध्ये (सगळे मिळून लढतात त्यात) पकडला तसाच आहे, एकदाही पॉवर अप केला नाही. चार तारे आहेत सांगितलं ना.

गवतीचहा
आणि स्पर्धेच्या नियमात सीपीची मर्यादा लिहिली असेल. १५००?

आदू_कोथरूड
हो, १५०० च्या आतले असं काहीतरी आहे. त्याने काय होतं?

सांडगी_मिरची
😂😂😂 हे पहिल्या ओळीत हवं होतं रे बाळा.

गवतीचहा
सगळं त्यानेच होतं. ही ग्रेट लीग. २३८७ हा रेडमधल्या शंभर टक्के, म्हणजे चार तारेवाल्या म्यूटूचा विसाव्या लेव्हलचा आकडा. सीपी वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणजे तुझा म्यूटू या स्पर्धेत कधीच येणार नाही, गेम कितीही वेळा टाकलास तरी. आणि समज १५०० च्या आतला मिळाला, तरी तो बाराव्या-तेराव्या लेव्हलचा असेल. मारेल जोरात, पण दोन फटक्यांत आडवा.

कारण असं. सीपी काढताना अटॅक पूर्ण धरतात, डिफेन्स आणि स्टॅमिनाचं मात्र वर्गमूळ. म्हणजे अटॅक वाढला की सीपी भराभर चढतो, अंगातली सहनशक्ती तेवढी वाढत नाही. गोमध्ये म्यूटूचा मूळ अटॅक ३००, अझुमारिलचा ११२. १५०० च्या पिशवीत म्यूटू अर्ध्याहून जास्त जागा अटॅकने भरतो, अझुमारिल अंगाने भरते. म्हणून ती बराच वेळ उभी राहते.

ताऱ्यांचंही तेच. चार तारे म्हणजे अटॅक, डिफेन्स, स्टॅमिनाचे जन्मजात गुण (आयव्ही) १५/१५/१५. मास्टर लीगला आणि रेडला उत्तम. ग्रेट लीगमध्ये बहुतेकांना अटॅक ० च्या आसपास, बाकी दोन्ही १५ च्या आसपास हे सगळ्यात चांगलं, आणि ०/१५/१५ ची बेरीज ३० होते, म्हणजे गेम तुला फक्त दोन तारे दाखवतो.

आदू_कोथरूड
थांबा. दोन तारेवाले मी सगळे आज सकाळीच प्रोफेसरला पाठवून कायमचे सोडले. जागा करायला. हे आधी सांगायचं ना कोणीतरी!!

सांडगी_मिरची
सकाळी धागाच नव्हता तर सांगणार कुणाला?

चिंचपोकेमॉन
रडू नकोस, मित्राशी ट्रेड कर. ट्रेड झाला की आयव्ही नव्याने पडतात. पण बेस्ट फ्रेंडशी करू नकोस, त्यात तिन्ही आकडे किमान ५ येतात. लकी ट्रेड असेल तर किमान १२, म्हणजे ग्रेट लीगला वाटोळंच. नुकत्याच झालेल्या मित्राशी कर.
आणि यादी हवी असेल तर पीव्हीपोक ही साइट उघड, ग्रेट लीग निवड, वरून खाली बघ. झालं. एवढा धागा कशाला?

निवांतनाना
तो आकडा म्हणजे संगणकाने संगणकाशी खेळलेला सामना. प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवायचं, हजारपैकी गुण द्यायचे, ५०० च्या वर जिंकला, खाली हरला. खरी माणसं काय आणतात ते त्यात कुठे दिसतं? म्हणून म्हणतो, वापर बघा.

चिंचपोकेमॉन
वापर म्हणजे लोकप्रियता. एखाद्या यूट्यूबरने व्हिडिओ टाकला की आठवडाभर सगळे तेच घेऊन फिरतात. त्याने पोकेमॉन तगडा होतो का? सिम्युलेशन निदान कोणाचा चाहता नसतं. शिवाय शून्य, एक, दोन ढाली (मोठा हल्ला अडवायच्या) असं सगळं धरून काढतात, पहिला उतरणारा (लीड) वेगळा, शेवटी येणारा वेगळा.

निवांतनाना
चाहते आणतात म्हणूनच समोर येतं ना! जो समोर येणारच नाही त्याला हरवून मिळालेले गुण काय चाटायचेत? आणि ढाल फसवून काढायला लावणं हे तुमच्या यंत्राला माणसासारखं जमतं का?
२०१४ ची जागतिक स्पर्धा आठवा, वॉशिंग्टन डीसीची. कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू आणला होता. कुठल्याही यादीत तळाशी सापडेल असा जीव, बेरीज ४०५. दुहेरीत फॉलो मी करून सगळे फटके स्वतःवर घ्यायचा आणि शेजारच्या ग्यारॅडोसला मोकळं रान द्यायचा. जिंकला तो. आता सांगा, पाचिरिसूची रँक काय?

सांडगी_मिरची
प्रत्येक धाग्यात पाचिरिसू. नाना, तुम्ही पैज लावून येता का हो?

बारावा_खेळाडू
गोवरून आठवलं. २०१६ च्या पावसाळ्यात भारतात गेम अधिकृतपणे आलाही नव्हता, तरी लोक कुठून कुठून एपीके उतरवून बागांमध्ये फोन घेऊन फिरत होते. डिसेंबरात जिओबरोबर रीतसर आला. मधल्या काळात गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली होती की देवळांच्या जागी गेममध्ये अंडी मिळतात, भावना दुखावतात. कोणाला आठवतंय का?

कर्जत_लोकल
हो हो! आमच्याकडे गणपतीच्या देवळाचा पोकेस्टॉप (गेममधला थांबा) होता. आजी म्हणायची पोरगा रोज संध्याकाळी दर्शनाला जातो, देव पावला.

अनुपमा_ताई
माझा मुलगा आठवीत आहे, दिवसभर हेच. किती वेळ खेळू द्यावं? कृपया अनुभवी पालकांनी सांगावे.

निवांतनाना
ताई, वेगळा धागा काढा, नाहीतर इथे हरवेल. पण तो चालतोय का खेळताना? अंडी उबवायला चालावं लागतं. माझा त्या निमित्ताने रोज फेरफटका होतो, डॉक्टर खूश आहेत.

गवतीचहा
अवांतर पुरे. आदूचा रविवार जवळ येतोय.
रँक बघ, पण ती एकट्याची रँक असते. तू तीन घेऊन उतरणार. पहिल्या तीन क्रमांकांचे तिघे उचललेस आणि तिघांनाही एकच गवतवाला भारी पडला, तर तुझी यादी घरी ठेवायची. एक टाइप कच्चा असेल तर १.६ पट मार बसतो, दोन्ही टाइप कच्चे असतील तर २.५६ पट. स्वॅम्पर्टचं गवतासमोर असंच होतं, व्हीनसॉर दिसला की पळ.

तुझ्या आठातून बोलते. ड्रॅगोनाइट, टायरानिटार, ग्यारॅडोस बहुधा १५०० च्या वर असतील, ते विसर. मेडिचॅम चांगली आहे पण खर्चिक. शंभर टक्केवाली चाळिसाव्या लेव्हलला नेलीस तरी १४३१ ला अडकते, पुढे वेगळी एक्सएल कँडी लागते. रविवारपर्यंत नको.
अझुमारिल आणि स्वॅम्पर्ट, हे दोघं पाया. त्यांचे सीपी आणि हल्ले सांग.

आदू_कोथरूड
अझुमारिल १३९० आहे, बबल आणि आइस बीम. स्वॅम्पर्ट १४७१, मड शॉट, अर्थक्वेक. तारे सांगू का?

गवतीचहा
तारे आता राहू दे. आयव्हीने शेवटच्या एखाद्या फटक्याचा फरक पडतो, हल्ल्यांनी अख्ख्या लढतीचा. नवीन माणसं उलटं करतात, दोन महिने अटॅक शून्यचा जीव शोधतात आणि त्याला दुसरा चार्ज (मोठा) हल्ला उघडत नाहीत.
अझुमारिलला प्ले रफ किंवा हायड्रो पंप उघड. स्वॅम्पर्टला हायड्रो कॅनन हवाच. तो कम्युनिटी डे या कार्यक्रमाचा हल्ला, साध्या टीएमने (हल्ला बदलायची वस्तू) येत नाही, एलिट टीएम आहे का बघ. स्टार्टर (गेमच्या सुरुवातीला मिळणाऱ्यांपैकी) असल्याने त्याचा दुसरा हल्ला १०,००० धुळीत उघडतो, बाकीच्यांपैकी अनेकांना बरीच जास्त लागते. म्यूटूसारख्याला एक लाख. तिथे धूळ घालू नकोस.

चिंचपोकेमॉन
शॅडो प्रकारचा स्वॅम्पर्ट असेल तर तोच घे. मारतो २० टक्के जास्त. ग्रेट लीगमध्ये शॅडोच राजे.

गवतीचहा
आणि मार खातोही २० टक्के जास्त. ज्याला ढाल कधी लावायची ते अजून कळत नाही त्याच्या हातात शॅडो देऊ नये. माझं मत.

चिंचपोकेमॉन
मी शॅडो घेऊनच शिकलो.

सांडगी_मिरची
म्हणून तुझी रँक दिसते ती.

आदू_कोथरूड
तिसरा कोण???

गवतीचहा
स्कार्मरी आहे का? स्टील-फ्लाइंग. गवताचा मार तिला जेमतेम लागतो, विषाचाही. तिला वीज आणि आग जड जाते, ते दोन्ही स्वॅम्पर्ट अंगावर घेतो. अझुमारिलला वीज, गवत, विष जड, ते या दोघांत वाटून जातं. तिघांपैकी कोणालाही अडचणीत टाकणारा समोर आला तर मागे एक जण तयार असतो. याला मी क्रमवारी म्हणेन, बाकी शोभा.

निवांतनाना
हे पटलं. फक्त समोरचे पोरगे विजेचे तीन घेऊन येतात का पाच, हे सोसायटीत विचारून ये. तोच खरा वापराचा आकडा. 😀

आदू_कोथरूड
स्कार्मरी आहे! १३१२. एलिट टीएम एक आहे. धूळ पुरेल बहुतेक. मंडळ आभारी आहे. आत्ता नियमांचा फोटो परत बघितला, त्यात लिहिलंय प्रत्येकाने सहा पोकेमॉनची यादी शनिवारी रात्रीपर्यंत द्यायची आणि प्रत्येक गेमला त्यातले तीन निवडायचे. सहाच द्यावे लागतात का? की तीन दिले तर चालतं?

सांडगी_मिरची
🤦

चिंचपोकेमॉन
अरे हा अधिकृत स्पर्धांचाच ढाचा झाला, सहा दाखवायचे, तीन खेळवायचे, तीनपैकी दोन गेम जिंकायचे. २०२२ ला लंडनच्या वर्ल्ड्समध्ये गो पहिल्यांदा आला तेव्हापासून हेच. तीन दिलेस तर समोरच्याला तुझी अख्खी टीम आधीच कळते, मग तो त्यावर उपाय निवडूनच बसेल.

गवतीचहा
सहाच दे. स्वॅम्पर्ट, अझुमारिल, स्कार्मरी पक्के. उरलेल्या तिघांत एक गवतवाला हवा, समोरून पाण्याची टीम आली तर, आणि एक फायटिंग. मॅचॅम्प १५०० च्या आत आहे का? बाकी १५०० च्या आतले सगळे नाव, सीपी, हल्ले असं टाइप करून टाक. स्क्रीनशॉट नको, इथे दिसत नाहीत.