मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांसाठी लाल लाइटचं मशीन घेऊ का?

कराडची_लेक
आई ७३ वर्षांची. डोळ्याचा पडदा वयामुळे खराब होतोय म्हणाले डॉक्टर. गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. भावाने ऑनलाइन लाल लाइटचं मशीन बघितलंय, १८,००० रुपये. पेशींतल्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, ताकद मिळते म्हणे. ऑफर उद्या संपतेय. घेऊ की नको, एवढंच सांगा. आहार सुधारा वगैरे नको, ते ऐकून झालंय.

पलूसचा_बागायतदार
ताई, शेवग्याचा पाला रोज भाजीत घाला. आमच्या वडिलांना फरक पडला. मशीनबिशीन सोडा.

मास्तर_सांगली
वडिलांना नक्की काय झालं होतं? मोतीबिंदू, काचबिंदू की पडदा? सगळ्यांना एकच पाला कसा चालेल?
ताई, मायटोकाँड्रियाची गोष्ट खोटी नाही. मी जीवशास्त्र शिकवलंय. पडद्यातल्या प्रकाशपेशींना ऊर्जा अफाट लागते. ऑक्सिजन असूनही त्या बरीचशी साखर पूर्ण न जाळता लॅक्टेट करून सोडतात. त्यांच्या मागच्या रंगद्रव्य पेशी ते लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात आणि रक्तातली साखर स्वतः न खाता पुढे पोचवतात. वाढत्या वयात या मागच्या पेशींतल्या मायटोकाँड्रिया बिघडल्या, की त्या साखर स्वतःच खाऊ लागतात आणि पुढच्या उपाशी राहतात, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. शिवाय प्रकाशपेशींच्या टोकांचा सुमारे दहावा भाग रोज गळतो, तो पचवायचं कामही यांच्याच गळ्यात. पण म्हणून कुठलाही लाल दिवा औषध होत नाही. आजार ड्राय आहे की वेट, म्हणजे कोरडा की पडद्याखाली पाझर होणारा?

कराडची_लेक
ड्रायच असेल, रिपोर्टमध्ये ड्रुझेन, म्हणजे पडद्याखालचे पिवळट ठिपके, लिहिलंय. सर, मशीनचं सांगा ना.

मेडिकलवाला_विटा
गोळ्यांच्या डबीवर काय आहे ते वाचा. मधल्या टप्प्याच्या रुग्णांसाठी एरेड्स-२ (अमेरिकेतला डोळ्यांचा मोठा अभ्यास) चं सूत्र आहे: ल्युटीन १० मिग्रॅ, झियाझँथिन २, व्हिटॅमिन सी ५००, ई, जस्त आणि तांबं. गेलेली नजर त्याने परत येत नाही, बिघाडाचा वेग कमी होतो. जुन्या सूत्रात बीटा कॅरोटीन होतं. सिगारेट ओढणाऱ्यांना त्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून ते काढलं. घरात तंबाखू?

कराडची_लेक
आई मिश्री लावते. सिगारेट नाही. त्याचा इथे काय संबंध?

पलूसचा_बागायतदार
बघा, गोळ्या विकायला आलेच! शेवगा फुकट मिळतो.

मेडिकलवाला_विटा
दादा, मी काही विकत नाहीये. डबी वाचायला सांगतोय फक्त.

अण्णा_वाई
मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबू नका, हल्ली लवकरच काढतात. माझा काढला, दुसऱ्या दिवशी पेपर वाचला.

मास्तर_सांगली
अण्णा, इथे मोतीबिंदूचा विषयच नाही.

चष्मेवाली_मिरज
मी रोज रुग्णांचे डोळे तपासते. अमेरिकेत २०२४ साली ज्या यंत्राला मान्यता मिळाली ते वेगळं: ५९०, ६६० आणि ८५० नॅनोमीटरचा प्रकाश, दवाखान्यात, मोजून, तोही ड्रायसाठीच. ऑनलाइनवाल्या दिव्यातून किती प्रकाश डोळ्यात जातो याची खात्री कोण देणार? पैसे ठेवा.
आता माझा प्रश्न. एक डोळा झाकला की आईंना सरळ रेघ वाकडी दिसते का?

कराडची_लेक
हो. उजव्या डोळ्याने दाराच्या चौकटीची उभी कड मधेच पोट आल्यासारखी दिसते म्हणते. सुपातली ज्वारी निवडताना बरोबर मधले दाणे पुसट. याच आठवड्यात सुरू झालंय. नंबर बदलला असेल ना?

चष्मेवाली_मिरज
नंबरने चौकट वाकत नाही, ताई. पडद्याखाली नवीन रक्तवाहिन्या फुटून पाझरत असतील, म्हणजे वेट. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात आणि जितकं लवकर तितकी नजर वाचते. सहा महिने विसरा. उद्याच रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या, ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करून घ्या.

पलूसचा_बागायतदार
उद्याच जा, ताई. शेवग्याचं नंतर बघू.

कराडची_लेक
सकाळी निघतोय मिरजेला. ओगलेवाडीहून रेल्वे बरी की एसटी?

अण्णा_वाई
रेल्वे. म्हातारं माणूस आहे, बसून जाता येईल.

चष्मेवाली_मिरज
बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, मग काही तास पुसट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. आईंना हात धरून आणायला भावाला घ्या, गॉगल ठेवा. जुनी फाइल आणि गोळ्यांची डबी विसरू नका. मिश्रीचंही सांगा डॉक्टरांना, विचारलं नाही तरी.