जॅझ बेसचा आवाज गोल करायचाय, कपॅसिटर बदलून फरक पडेना

राजवाडा_बेस:
नमस्कार मंडळी. जॅझ बेसच्या धर्तीचा चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नसलेला) बेस गिटार आहे. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबक-कॉइल), 250 किलोओहमचे तीन पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर). इथे इंदूरला गणेशोत्सवात भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवायचाय, साथीला तबला आणि पेटी. बेस डग्ग्याला धरून मऊ लागायला हवा, पण प्रत्येक स्वराच्या आधी ‘टक्’ ऐकू येतं. टोनचा 473 (47 नॅनोफॅरड) कपॅसिटर काढून 104 (100 नॅनोफॅरड) लावला. नॉब पूर्ण उघडा असताना काडीचाही फरक नाही. पिकअपच बदलावेत का? मीटरवर मानेकडचा 7.4 आणि ब्रिजकडचा 7.9 किलोओहम दाखवतो. तारा राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) आहेत.

खर्जातला:
पिकअप बदलू नका, दोन्ही ठणठणीत आहेत. नॉब उघडा असताना टोनच्या कपॅसिटरसमोर अख्खे 250 किलोओहम उभे असतात, म्हणून 473 काय न् 104 काय, कानाला सारखेच. फरक नॉब खाली आणल्यावरच कळतो, आणि तिथे 104 लावला की आवाज फार लवकर बुडतो. 473 परत लावा.

आता फुकटातलं आधी. ‘टक्’ बहुतेक ब्रिजकडच्या पिकअपमधून येतोय. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पोलपर्यंतचं (पिकअपमधल्या चुंबकाच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. जाड तारेखाली साधारण 2.8 मिमी आणि बारीक तारेखाली 2 मिमी ही नेहमीची मापं. ब्रिजकडचा पिकअप तिथून अर्धा-अर्धा मिमी खाली घेत ऐका. स्क्रूनेच घ्या. पोल ठोकून आत ढकलायच्या भानगडीत पडू नका. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये केसासारखी तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, एक वेढा तुटला की पिकअप गेला.

शिवाय फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावा. भावगीताला दुसरं काही शोभतच नाही, हे माझं ठाम मत.

डागकाम:
वरचं सगळं बरोबर. नॉब उघडा ठेवूनही मऊपणा हवा असेल तर पिकअपचा रेझोनन्स खाली आणावा लागतो. पिकअपचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका फ्रिक्वेन्सीला उंचवटा तयार होतो, म्हणजे तिथला आवाज उठून येतो. समजा एका पिकअपचं इंडक्टन्स 3.5 हेन्री आणि केबलसकट कपॅसिटन्स 600 पिकोफॅरड, तर उंचवटा साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो. तुमचा ‘टक्’ तिथलाच. त्यात 1000 पिकोफॅरडची भर घातली की तो 2100 पर्यंत उतरतो.

महाराणी रोडवर सुट्या भागांच्या दुकानात 471, 102 आणि 222 असे तीन कपॅसिटर मागा, 50 व्होल्टचे चालतात. 471 म्हणजे 470, 102 म्हणजे 1000, 222 म्हणजे 2200 पिकोफॅरड. लगेच डाग देऊ नका. जॅकची प्लेट उघडून टिप (सिग्नलचं टोक) आणि ग्राउंड यांच्यामध्ये मगरचिमट्यांनी एकेक लावून ऐका. 102 बहुतेकांना पुरतो. 222 ला नाक चोंदल्यासारखं वाटायला लागतं. दोन्ही पिकअप एकत्र चालू असले की इंडक्टन्स निम्मं होतं आणि परिणाम कमी जाणवतो, म्हणून आधी फक्त मानेकडच्या पिकअपवर ऐका.

याहून दाट हवा असेल तर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडा. इंडक्टन्स एकेकट्याच्या दुप्पट होतं, आवाज वाढतो, मधले स्वर भरतात. मानेकडच्या व्हॉल्यूमच्या जागी 250 किलोओहमचा पुश-पुल पॉट (नॉब ओढला-दाबला की बदलणारा स्विच असलेला) बसवा. त्याच्या स्विचला प्रत्येकी तीन पायांच्या दोन रांगा असतात. पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला मानेकडच्या पिकअपची ग्राउंडची तार. नॉब दाबलेला असताना मधल्याशी जुळणाऱ्या पायाला ग्राउंड. उरलेल्या पायापासून एक तुकडा दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायावर, आणि तिथेच ब्रिजकडच्या पिकअपची गरम (सिग्नलची) तार. दुसऱ्या रांगेत दाबलेल्या बाजूचा पाय ब्रिजच्या व्हॉल्यूमला, जिथे ती गरम तार आधी होती तिथे. शेवटचा पाय मोकळा. कुठला पाय कधी जुळतो ते मीटरच्या बीपवर आधीच पाहून घ्या. सिरीजमध्ये मानेकडचा नॉब दोघांचा व्हॉल्यूम होतो, ब्रिजचा काही करत नाही.

पॉटच्या पाठीवर डाग देताना आधी कानशीने घासा आणि 40 वॅटचा आयर्न वापरा. 25 वॅटचा घेतला तर मिनिटभर टेकवून बसावं लागतं, तेवढ्यात आतला कार्बन जळतो आणि नॉब खरखरतो.

राजवाडा_बेस:
उंची कमी केली, 102 लावला. ‘टक्’ गेला, अगदी हवा होता तसा आवाज! मग सिरीजही जोडली. नॉब दाबला की ठीक, ओढला की आवाज वाढण्याऐवजी फक्त मानेकडचा पिकअप वाजतो. जोडणी तीनदा तपासली. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवून जॅकवर मोजलं तर दाबल्यावर 3.7 किलोओहम, ओढल्यावर 7.0.

डागकाम:
ओढल्यावर 13.6 च्या आसपास यायला हवे होते (दोन्ही पिकअपची बेरीज 15.3, व्हॉल्यूमच्या पॉटमुळे थोडी कमी दिसते). 7.0 म्हणजे ब्रिजकडचा पिकअप शॉर्ट होतोय, कारण मानेकडच्या पिकअपची ग्राउंड तार अजून कुठेतरी ग्राउंडला टेकलीय. पिकअपच्या खाली धातूची पट्टी आणि खोबणीत तांब्याचा कागद आहे का?

राजवाडा_बेस:
दोन्ही आहे. पट्टी त्या तारेला डागलेली आहे आणि कागदाला टेकते.

डागकाम:
सापडलं. पट्टी आणि ती तार यांच्यामधला जोड तोडा आणि पट्टीला वेगळी तार देऊन पॉटच्या पाठीवर ग्राउंड करा. जोड सोडवताना कॉइलच्या बारीक तारेला आयर्न लागू देऊ नका. शक्यतो कटरनेच कापा. नंतर पट्टी आणि पिकअपची तार यांच्यात बीप येता कामा नये. नॉब मात्र ओढून तपासा, दाबलेला असताना बीप येणारच.

खर्जातला:
आणि सिरीजवर गेलात की मिक्सरवरचा गेन खाली घ्या. केबल मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट लावू नका, मध्ये 1 मेगाओहम इनपुटचा ॲक्टिव्ह डीआय (वाद्य मिक्सरला जोडायचा छोटा डबा) ठेवा, नाहीतर आवाज मऊ नाही, मेलेला येतो.

राजवाडा_बेस:
पट्टी वेगळी केली. 13.6 आले. डीआय मंडपवाल्यांकडे आहे, तो एक मेगाओहमचा आहे की नाही ते उद्या पाहतो.