मदत हवी आहे: सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो

वेंगुर्ल्यातील आमच्या काजू कारखान्याचा हिशेब आणि बिलिंग ज्या एकाच टॉवर सर्व्हरवर चालते, तो पावसाळा सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा अचानक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतो. विंडोजचा त्रुटी दाखवणारा निळा पडदा येत नाही, बिघाडाचा तपशील साठवणारी डंप फाइल तयार होत नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये केवळ कर्नल-पॉवर ४१ (संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला) ही नोंद असते आणि तिच्यातील बगचेककोड, म्हणजे त्रुटीचा क्रमांक, दर वेळी ० असतो, म्हणजे कारण नोंदवण्याइतका वेळच विंडोजला मिळत नसावा. मेमरी तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले, डिस्कची स्थिती सांगणारे स्मार्ट अहवाल पाहिले. दोन्हींत दोष नाही. यूपीएसची बॅटरी नवी आहे आणि त्याच यूपीएसवरील राउटर कधीही बंद पडत नाही. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे खारी हवा आत येत असावी. पॉवर सप्लायची जोडणी काढली तेव्हा तिच्या पिनांवर हिरवट थर आढळला. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, तरी तीन दिवसांनी पुन्हा तेच घडले. बॅकअप रोज होतो, परंतु गणपतीच्या मागण्या सुरू असल्याने सर्व्हर दुरुस्तीसाठी बाहेर पाठवता येणार नाही आणि सध्या एकच भाग मागवणे शक्य आहे. भार असताना १२ व्होल्टचा पुरवठा मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ या मान्य मर्यादेत दिसला, तर पॉवर सप्लाय निर्दोष मानून मदरबोर्ड बदलावा, की क्षणिक घट मल्टिमीटरवर दिसतच नाही म्हणून आधी पॉवर सप्लायच बदलावा?